पंचेचाळीस लिटर

विट्यात, कराड रस्त्याला, टायरवाल्याला लागून
माझं पत्र्याचं शेड.
आधी चौकटी करायचो, देव्हारे, शाळेची बाकं.
आता गाड्यांच्या पोटात बसतील अशा पेट्या करतो.
पेटी म्हणजे कोंडलेली हवा,
बाकी लाकूड, फेविकॉल, स्क्रू
ही तिची राखण.

मायाप्पा वाघमोडे आले तेव्हा
मी अठरा एमएमचा एमडीएफ कापत होतो,
भुवयांवर पिवळा भुसा.
साखर कारखान्याच्या मिल हाऊसला तीस गाळप हंगाम काढलेला माणूस.
दोन्ही कान तिथंच उसाबरोबर गेले.
म्हणाले, व्हॅनला बारा इंची बसवायचाय.

मी पाटी घेतली, खडूनं लिहिलं : कशाला?
"लिहू नको. ओठ कळत्यात मला."
पलीकडनं मुनीर टायर ठोकत बोलला,
बहिऱ्याला बाजा.
"ते बी कळलं," मायाप्पा म्हणाले
आणि स्टुलावर बसले.

हवा दुधासारखी मोजावी लागते, लिटरनं.
बारा इंचीला पंचेचाळीस.
वर चुंबकानं अडवलेली जागा धरायची,
आतल्या आडव्या पट्टीची, पायपाची,
नाहीतर गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणतं, सुताराने पाणी घातलं.
पाईप चार इंची, कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेतला उरलेला तुकडा.
पस्तीस सेंटिमीटर.
बोटभर कमी कापला की आवाज खाकरतो.

तीन दिवस ते रोज येत राहिले.
चौथ्या दिवशी पेटी मिटली.
मी आत उदबत्तीचा धूर भरला, सगळ्या सांध्यांवरनं नजर फिरवली,
म्हटलं, टाईट आहे.
त्यांनी उठून तळहात ठेवला,
पाठीमागच्या कडेनं हळूहळू सरकवत नेला,
म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.
डाव्या कोपऱ्यात थांबले.
"हितं. उंदीर श्वास घेतोय."
मी उदबत्ती तिथं धरली.
धूर वाकला, सुईएवढा.
सिलिकॉन भरताना मी वर बघितलं नाही.

व्हॅनमध्ये पेटी मागच्या सीटच्या उतारालाच टेकली, बरोब्बर.
नातवानं फोन जोडला.
आरेवाडीच्या बनातला गजीचा ढोल,
गेल्या यात्रेला त्यानं स्वतः टिपलेला.
मायाप्पा सीटला पाठ लावून बसले, डोळे मिटून.
ढोल वाजला. मला ऐकू आला, नातवाला आला.
त्यांना नाही.

मला ठाऊक होतं. आधीच सांगायला पाहिजे होतं.
एवढ्याशा फोनाच्या एवढ्याशा भोकातनं
ढोलाचं कातडं जातं, पोट बाहेरच राहतं.
नातू बटणं दाबत बसला.
मी माझा फोन लावला.
त्यात ढोल नाही, गाणं नाही,
पेटी तपासायचा नुसता एक घुमारा,
सेकंदाला पस्तीस हेलकावे.

आधी आरसा थरथरला.
मग डॅशबोर्डवरचा बिरोबा.
मग मायाप्पांच्या हातावरचे पांढरे केस.
त्यांनी डोळे उघडले नाहीत.
एक हात वर झाला, आणि हवेतच
कसला तरी दांडा खाली ओढला.

"मिल सुरू झाली," म्हणाले.

आम्ही गप्प उभे राहिलो.
मुनीरनं पाना खाली ठेवला.
ज्यानं कान खाल्ले तोच आवाज
माणूस पाठीनं चाखत होता,
आणि घामाघूम होऊन हसत होता.
मला ते नीट बघवलं नाही. नजरही काढता आली नाही.

साडेसहा हजार ठरले होते.
सहा हजार तीनशे मोजून दिले.
दोनशे कशाचे कापले, विचारलं.
"उंदराचे," म्हणाले.

आता कधी संध्याकाळी
तहसीलच्या बाजूला ती व्हॅन उभी दिसते,
काचा बंद, गाणं कसलंच नाही,
मागची नंबरप्लेट तेवढी
दातावर दात वाजवत असते.